भर उन्हात मोबाईलची स्क्रीन दिसत नाही? बांधावर पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्यांसाठी

गेल्या खरिपात थोरल्या काकांची ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची सरकारी ॲपवर नोंद, करायला मी त्यांच्याबरोबर रानात गेले होते. दुपारचे साडेबारा झाले असतील. तीन दिवस पाऊस लागून त्या दिवशी पहिल्यांदा कडक ऊन पडलं होतं. काकांनी जमिनीचा गट निवडला, हंगाम निवडला, पिकांची यादी उघडली आणि मोबाईल पार नाकाजवळ नेऊन बोट टेकवलं. मग मला म्हणाले, “बघ गं, लागलं का उडीद?” मी ओढणीची सावली धरून पाहिलं तर ‘ऊस’ निवडला गेला होता. यादीत दोन्ही नावं जवळजवळ, आणि स्क्रीनवर काकांना दिसत होता तो त्यांचाच पांढरा सदरा.

काकांना वाचता येतं, ॲप कळतं, चष्मा लावून पेपर वाचतात. फक्त उन्हात स्क्रीन दिसत नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानेच आपल्या रानात उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत आली. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. पुढे नुकसानभरपाई असो, पीक विमा असो की हमीभावाने विक्री, आधी तीच नोंद पाहतात. त्यामुळे उन्हात स्क्रीन नीट दिसणं हे आता खुरपणी-फवारणीसारखंच रानातलं काम झालं आहे, असं मी मानते.

दर हंगामात भावकीतल्या आणि शेजारच्या आठ-दहा जणांची पाहणी मी करून देते. ते करता करता जी पद्धत हाताला बसली ती इथे क्रमाने लिहिते. पार्सल पोचवणारी मुलं, रिक्षावाले, बाजारात बसणाऱ्या मावश्या, बांधकामावरचे मुकादम, सगळ्यांनाच ती चालेल.

आधी कारण समजून घ्या

स्क्रीन दिसेना की बहुतेक जण पहिल्यांदा ब्राइटनेस ओढतात. तो वाढवायचाच आहे, पण तिसऱ्या नंबरला.

एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. रात्री घरात दिव्याखाली साधारण २०० ते ३०० लक्स उजेड असतो. दुपारी झाडाच्या सावलीत तो दहा-वीस हजार लक्स भरतो आणि उघड्या रानात एक लाखाच्या आसपास जातो. मोबाईलचा स्वतःचा उजेड निटमध्ये मोजतात. साध्या, स्वस्तातल्या फोनचा तो ४०० ते ६०० निट असतो. घरात एवढा उजेड डोळ्यांना टोचतो, रानात मात्र पुरत नाही.

खरी अडचण काचेची आहे. कुठलीही साधी काच समोरून येणाऱ्या उजेडातला चारेक टक्के परत फेकते. ऐकायला थोडं वाटतं, पण हिशेब करून बघा. पांढऱ्या सदऱ्यावर थेट ऊन पडलं की त्याचा लखलखाट वीस-पंचवीस हजार निटपर्यंत जातो. त्याचे चार टक्के म्हणजे ८०० ते १,००० निट. म्हणजे काचेतलं सदऱ्याचं प्रतिबिंब फोनमधल्या अक्षरांच्या जवळजवळ दुप्पट उजळ झालं. अक्षरं त्याखाली बुडणारच. त्याच जागी, त्याच उन्हात काळा किंवा गर्द निळा कपडा असेल तर काचेतून जेमतेम साठ-सत्तर निट परत येतात. फोन तोच, सेटिंग तीच, फक्त कपडा बदलला.

म्हणून पहिलं काम प्रतिबिंब घालवायचं. फोनचा उजेड त्यानंतर वाढवायचा.

पायरी पहिली: स्क्रीन बंद करून काच बघा

सगळ्यांना मी पहिल्यांदा हेच शिकवते. जिथे उभं राहून काम करायचं आहे तिथे जा, बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करा आणि फोन नेहमीसारखा हातात धरा. काळ्या काचेत काय दिसतंय ते बघा. आभाळ दिसेल, ढग दिसेल, तुमचा सदरा दिसेल, नाहीतर मागच्या पत्र्याचं शेड चमकताना दिसेल. जे दिसतंय तेच तुमची अक्षरं खातंय.

आता हळूहळू फोन वर-खाली तिरका करा, दोन पावलं फिरा, अंग थोडं वळवा. कुठेतरी अशी जागा सापडते जिथे काच खरोखर काळी दिसते. तिच्यात बाभळीची सावली येते, उभ्या तुरीचा गर्द हिरवा पट्टा येतो किंवा सावलीत असलेलं तुमचं अंग येतं. तिथे थांबा, तसाच फोन धरून स्क्रीन चालू करा. एक टक्काही ब्राइटनेस न वाढवता अक्षरं उठून दिसतील. काकांना हे करून दाखवलं तेव्हा त्यांनी तीनदा फोन बंद-चालू करून खात्री केली.

पायरी दुसरी: ऊन कुठून येतंय ते बघून उभे राहा

सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर सूर्य खाली असतो. तेव्हा सूर्याकडे पाठ करा आणि फोन स्वतःच्या सावलीत धरा. तुमच्या अंगाची पुढची बाजू सावलीत असते म्हणून सदरा चमकत नाही, आणि फोनवरही थेट ऊन येत नाही. सूर्याकडे तोंड केलं तर काचेवर ऊन पडत नाही हे खरं, पण तुमचा चेहरा आणि कपडे उजळून निघतात, ते काचेत उतरतात आणि डोळेही दिपतात.

भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की अंगाची सावली पायाशी गोळा होते, तिचा उपयोग नाही. अशा वेळी फोन आडवा, ताटासारखा धरू नका. आडव्या काचेत अख्खं आभाळ दिसतं. फोन उभा करून छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर आणा. वरचं ऊन मग काचेवर तिरकं, निसटतं पडतं.

सावली करायला काय घ्यावं? काळी छत्री सगळ्यांत चांगली, कारण तिची आतली बाजूही काळी असते. रंगीत किंवा अर्धवट पारदर्शक छत्रीतून उजेड गळतो आणि तोच रंग काचेत दिसतो. छत्री डोक्यावर सरळ न धरता थोडी मागे कलती धरा, म्हणजे काचेला आभाळाऐवजी छत्रीचं काळं पोट दिसेल. एकट्याला छत्री आणि फोन दोन्ही सांभाळता येत नाही. सोबत कोणी असेल तर त्याच्याकडे छत्री द्या.

छत्री नसेल तर घोंगडी घ्या. पावसात जशी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो तशीच घ्यायची आणि दोन्ही कडा पुढे ओढून फोन त्या खोळीत आणायचा. काळी लोकर उजेड पिते, परत काही फेकत नाही. माझ्या अनुभवात महागड्या फोनपेक्षा या खोळीने जास्त काम केलं आहे. उकडतं, पण एका गटाचं काम पाच मिनिटांत उरकतं. पांढरा टॉवेल किंवा पांढरं उपरणं मात्र या कामाला नको, त्यातून ऊन आरपार येतं. गडद ओढणी दुहेरी करून घेतली तर चालते.

ज्यांचा दिवसच उन्हात जातो त्यांनी पुठ्ठ्याची झापड करून घ्यावी. फोनच्या दोन्ही बाजूंना आणि वर मिळून तीन पट्ट्या, प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटर खोल, आतून काळा कागद चिकटवलेला, मागून दोन रबरबँड. मागचा कॅमेरा झाकला जाणार नाही एवढं बघायचं.

अजून एक. चकाकत्या रानाकडे बघून लगेच फोनकडे पाहिलं तर सावलीतली स्क्रीनही काळीच वाटते. डोळ्यांच्या बाहुल्या लहान झालेल्या असतात. आठ-दहा सेकंद मान खाली घालून सावलीत बघा, मग फोनकडे. कपाळावर पुढे झाप असलेली टोपी असली तर डोळे कमी दिपतात.

पायरी तिसरी: आता ब्राइटनेस

वरून खाली बोट ओढलं की सूर्याचं चिन्ह असलेली पट्टी येते. ती पूर्ण उजवीकडे न्या. हे घरातून निघतानाच करा. कमी ब्राइटनेसवर फोन उन्हात काढला तर ती पट्टीही दिसत नाही आणि माणूस घाबरून कुठेतरी बोटं लावत बसतो. तसं झालंच तर फोनवर तळव्याची ओंजळ धरून आत बघा. पट्टी नेहमी त्याच जागी असते, ती जागा हाताच्या सवयीची करून ठेवा.

आता ऑटो ब्राइटनेसबद्दल. काही फोनांत याला ‘ॲडॅप्टिव्ह’ म्हणतात. फोनच्या वरच्या कडेला, सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास उजेड मोजणारा एक बारीक सेन्सर असतो. तो उजेड मोजतो आणि फोन त्याप्रमाणे स्क्रीन कमी-जास्त करतो. अनेक चांगल्या फोनांत, विशेषतः ओएलईडी स्क्रीनच्या फोनांत, ऑटो चालू असताना कडक ऊन लागलं की स्क्रीन नेहमीच्या कमाल मर्यादेच्याही वर जाते. हाताने पट्टी पूर्ण ओढूनही तेवढा उजेड मिळत नाही. म्हणून उघड्यावर काम असेल तर ऑटो चालू ठेवून पट्टीही पूर्ण वर न्या.

ऑटो चालू आहे तरी स्क्रीन उजळत नसेल तर सेन्सर झाकला गेला आहे का ते बघा. जाड कव्हरची कड, सेन्सरवर चढलेली टेम्पर्ड ग्लास, साचलेली धूळ किंवा आडवा फोन धरताना नेमका तिथे आलेला अंगठा, यातलं काहीतरी सापडतं. परीक्षा सोपी आहे. उन्हात उभं राहून वरच्या कडेवर अंगठा ठेवा आणि काढा. स्क्रीनमध्ये काहीच फरक पडला नाही तर सेन्सरपर्यंत उजेड पोचत नाही.

छत्रीखाली गेलात की सेन्सरही सावलीत जातो आणि ऑटो स्क्रीन मंद करतो. तेव्हा पट्टी पुन्हा हाताने वर न्या. अँड्रॉइड ९ पासूनचे बरेच फोन तुम्ही हाताने केलेले बदल लक्षात ठेवतात, त्यामुळे चार-पाच वेळा असं केलं की फोनलाही सवय लागते.

काही कंपन्यांनी वेगळी सोय दिली आहे. शाओमी आणि रेडमीच्या बऱ्याच फोनांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘सनलाइट मोड’ असतो. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘एक्स्ट्रा ब्राइटनेस’ असतो. दोन्ही ऑटो बंद केल्यावर कामाला येतात. आयफोनमध्ये ऑटो ब्राइटनेसचं बटण डिस्प्लेच्या पानावर सापडत नाही. ते ॲक्सेसिबिलिटीमध्ये, ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ’च्या अगदी तळाशी आहे. त्याच पानावर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ चालू असेल तर बंद करा, तो स्क्रीन मंद करतो.

आणि हे सगळं बंद आहे ना ते तपासा: बॅटरी सेव्हर, रात्रीचा पिवळसर उजेड (‘नाइट लाइट’, ‘आय कम्फर्ट’, ‘रीडिंग मोड’ अशी त्याची नावं), आणि अँड्रॉइड १२ पासून आलेला ‘एक्स्ट्रा डिम’. एका आत्यांचा फोन बिघडला म्हणून घरच्यांनी नवीन घ्यायचं ठरवलं होतं. नातवाने खेळताना एक्स्ट्रा डिम लावून ठेवला होता, एवढंच निघालं.

डार्क मोड रानात नको

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं रात्री छान वाटतात. उन्हात मात्र काळी स्क्रीन म्हणजे आरसा. तिच्यात सगळं प्रतिबिंब उमटतं आणि बारीक पांढरी अक्षरं हरवतात. बाहेर पडताना डार्क मोड बंद करा. पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं उन्हात टिकतात, कारण पानाचा सगळा उजेड प्रतिबिंबाशी झुंजायला उभा राहतो.

अक्षरांचा आकार एक-दोन घरं वाढवा. सेटिंगमध्ये ठळक अक्षरांची सोय असते, तीही चालू करा. खूप मोठी केली तर काही ॲपमधली बटणं स्क्रीनबाहेर जातात, म्हणून ज्या ॲपवर काम आहे ते उघडून एकदा बघा. स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० सेकंद असेल तर ती निदान २ मिनिटं करा. उन्हात वाचायला वेळ लागतो आणि मधेच लॉक पडला की घामेजल्या बोटाचा ठसा लागत नाही. वॉलपेपर एकरंगी ठेवा. देवाचा, नातवंडांचा फोटो लॉक स्क्रीनवर राहू द्या, पण ॲपच्या चिन्हांमागे रंगीबेरंगी फोटो असला की चिन्हं सापडत नाहीत.

ग्लास आणि डाग

नीट न बसलेली टेम्पर्ड ग्लास उन्हात दुहेरी नुकसान करते. ग्लास आणि स्क्रीन यांच्यामध्ये हवा राहिली की उजेड परत फेकणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात, आणि प्रत्येक जण आपले चार टक्के फेकतो. कडेला बुडबुडे, पांढरे पट्टे, मधे धूळ असेल तर ग्लास बदलून घ्या. पूर्ण चिकटणारी, कडेपुरता गोंद नसलेली मागा.

बाजूच्या माणसाला स्क्रीन दिसू नये म्हणून मिळते ती प्राइव्हसी ग्लास उन्हात काम करणाऱ्याने लावू नये. ती सरळ समोरूनही बराच उजेड अडवते आणि फोन जरा कलता झाला की पूर्ण काळा. मॅट, म्हणजे खरखरीत गार्ड आभाळाचं प्रतिबिंब पसरवून मऊ करतो, सावलीत त्याने बरं वाटतं. पण त्याच्यावर थेट ऊन पडलं की अख्खी स्क्रीन दुधाळ होते.

बोटांचे तेलकट डाग खोलीत जाणवत नाहीत, उन्हात एकेक डाग पांढरा चमकतो. पुसताना आधी फुंकर मारून किंवा झटकून माती उडवा, नाहीतर मातीचे कण काच घासतात. मग मऊ सुती कापड. पावसाळ्यात घामाचे आणि पावसाचे थेंबही स्क्रीनवर बोटासारखं काम करतात, भलतंच बटण दाबलं जातं. खिशात कोरडा रुमाल हवाच.

गॉगल आणि चष्मा

पोलराइज्ड गॉगल घालून फोन पाहिला तर तो एका दिशेने ठीक दिसतो आणि फिरवला की काळा पडतो, काही फोनांत इंद्रधनुष्यी डाग दिसतात. फोन बिघडलेला नसतो. स्क्रीनमधून बाहेर पडणारा उजेड एका ठराविक दिशेने कंप पावणारा असतो आणि गॉगलही एका ठराविक दिशेचा उजेड अडवतो; दोन्ही दिशा एक झाल्या की स्क्रीन काळी. फोन उभ्याचा आडवा करून बघा, नाहीतर गॉगल काढा. उन्हात काळे होणारे चष्मे छत्रीखाली आल्यावर लगेच पांढरे होत नाहीत, दोन-तीन मिनिटं द्या.

वयस्कर माणसाला दाट सावलीतही स्क्रीनभोवती धूसर चकाकी दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर फोनच्या सेटिंगशी झगडू नका. मोतीबिंदूत डोळ्यात शिरलेला उजेड विखुरतो आणि उन्हात त्रास वाढतो. डोळे तपासून घ्या. जवळचा चष्मा घरी विसरून रानात येणारेही मला दर हंगामात भेटतात. तो मोबाईलच्या कव्हरबरोबर निघताना खिशात टाकायची सवय लावा.

फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते

पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस, इंटरनेट, कॅमेरा आणि वरून ऊन, सगळं एकदम चालू असलं की फोन तापतो. तापला की तो स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो आणि पट्टी पूर्ण वर असूनही उजेड वाढत नाही. ॲपलने आयफोन वापरायची हद्द ० ते ३५ अंश सेल्सियस सांगितली आहे. आपल्याकडे मार्च संपेपर्यंतच पारा ती ओलांडतो, विदर्भात मे महिन्यात तर ४५ च्या घरात जातो. त्यामुळे उन्हाळी पिकांची पाहणी सकाळी आठ ते दहा या वेळात करा.

पॉवर बँकेवर लावून काम करू नका, चार्जिंगने फोन जास्त तापतो. निघतानाच चार्ज करून घ्या. काम नसेल तेव्हा फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बांधावरच्या दगडावर ठेवू नका. तापलाच तर कव्हर काढा, स्क्रीन बंद करा, सावलीत वाऱ्याला ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळणं किंवा फ्रिजमध्ये ठेवणं नको, आत दव धरतं.

पीक पाहणीचं काम घरी आणि रानात वाटून घ्या

उन्हात जेवढं कमी वाचावं लागेल तेवढं चांगलं. ॲप उतरवून घेणं, अपडेट करणं, मोबाईल नंबर टाकणं, ओटीपी, जिल्हा-तालुका-गाव आणि खातेदार निवडणं, हे सगळं ओसरीत बसून करा. ओटीपीचे आकडे रानात वाचायची पाळी येऊ देऊ नका.

मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, लागवडीची तारीख. सातबारा समोर ठेवून लिहा. एकापेक्षा जास्त गट असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ. हा कागद हातात असला की स्क्रीनवर फक्त तेवढंच शोधायचं असतं. कागद उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो पडलेल्या उजेडावरच वाचला जातो. जुन्या बटणांच्या साध्या फोनची स्क्रीनही याच कारणाने रानात ठळक दिसायची. पडलेलं ऊनच ती परत द्यायची.

रानात पोचल्यावर आधी काळ्या काचेची परीक्षा करून जागा ठरवा, मग ॲप उघडा. दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, पिकाचं नाव: यादी सरकवताना बोट निसटतं, म्हणून निवडल्यावर नाव मोठ्याने वाचा. दुसरी, क्षेत्राचा आकडा: उन्हात इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतात आणि दशांशाचा ठिपका तर दिसतच नाही. ०.६० हेक्टरचं ०.८० झालेलं मी स्वतः दुरुस्त केलं आहे. आकडा टाकल्यावर खोळीत किंवा छत्रीखाली घेऊन एकेक अंक कागदाशी ताडून बघा.

फोटो काढताना सूर्य पाठीमागे असेल तर पीकही उजळ येतं आणि स्क्रीनही तुमच्या सावलीत राहते. फक्त स्वतःची सावली फोटोत पडत असेल तर अर्धं पाऊल वळा. चौकट नीट दिसत नसेल तर फोन दोन्ही हातांनी छातीशी स्थिर धरा आणि सरळ पिकाच्या मध्यावर रोखा. नंतर सावलीत फोटो उघडून पीक ओळखू येतंय का ते बघा, धूसर असेल तर पुन्हा काढा.

शेवटचं ‘पुढे’ किंवा ‘सबमिट’ दाबण्याआधी सगळी माहिती एकत्र दिसते. तिथे घाई करू नका. सोबतच्याला कागद द्या, तुम्ही स्क्रीनवरचं वाचा, त्याने हो म्हणावं. नंतरच बोट लावा.

बाजारात आणि गाडीवर

दुसऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन होत नसेल तर बहुतेक वेळा त्या प्लॅस्टिकच्या पाटीवर ऊन चमकत असतं. अंगाची सावली पाटीवर पाडा, लगेच होतं. स्वतःच्या फोनवर कोड दाखवायचा असेल तर ब्राइटनेस पूर्ण वर हवा. त्यापेक्षा छापलेला कोड टोपलीला बांधलेला बरा. पैसे पाठवताना मात्र सावलीत या आणि नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

दुचाकीवर नकाशा बघायचा मोह टाळा. उन्हात स्क्रीन वाचायला जेवढा वेळ डोळे खाली जातात तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते. एका कानाला इअरफोन न लावता फोनचा आवाज वाढवून सूचना ऐका, आणि अडलं तर गाडी कडेला घेऊन झाडाखाली बघा.

नवीन फोन घेताना

जाहिरातीत निटचे मोठे आकडे असतात. त्यात तीन प्रकार मिसळलेले असतात: नेहमीचा उजेड, ऑटोवर उन्हात मिळणारा उजेड आणि ‘पीक’ (रानातलं पीक नव्हे, इंग्रजी शब्द, म्हणजे सर्वांत जास्त) उजेड. पीकचा आकडा बऱ्याचदा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता मोजलेला असतो, अख्खं पान तेवढं उजळत नाही. तुम्हाला मधला आकडा हवा, तोच विचारा. २०२२ च्या आयफोन १४ प्रोसाठी उन्हातला उजेड २,००० निट सांगितला होता, २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्रासाठी २,६०० पर्यंत. त्या गॅलेक्सीची काचही प्रतिबिंब कमी करणारी आहे, आणि माझ्या मते निटच्या आकड्यापेक्षा ती जास्त मोलाची. पण हे बाजारात आले तेव्हा लाखाच्या घरातले फोन होते. रानातल्या कामासाठी ते घ्यायची गरज नाही.

आपल्या बजेटमधले दोन फोन निवडा, दुपारी दुकानात जा आणि दुकानदाराला सांगून दोन्ही दाराबाहेर उन्हात आणा. दोन्हीवर ऑटो चालू करा, पांढरं पान उघडा, शेजारी धरा आणि बारीक अक्षरं वाचून बघा. मग दोन्ही बंद करून काळ्या काचेत कोणात आभाळ कमी दिसतं ते बघा. काकांचा आताचा फोन असाच निवडला. दुकानदाराने दाखवलेला पहिला फोन उन्हात विझल्यासारखा झाला, तेवढ्याच किमतीतला दुसरा वाचता आला. या रब्बीत हरभऱ्याची नोंद त्यांनी एकट्याने, घोंगडी डोक्यावर घेऊन केली आणि संध्याकाळी कागद आणि फोन दोन्ही माझ्यापुढे ठेवले. गट, पीक, क्षेत्र, सगळं जुळत होतं.